मुदत संपत आली

सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थास, तो सकाळचा चहा घेत बसला असता, "आपली मुदत लवकरच संपत आहे" अशी लेखी इत्तला धाडणे हे सभ्यतेच्या कोणत्या कलमात बसते, असे इंग्लंडातील वीज-कंपन्यांना एकदा कोणीतरी खडसावून विचारावयास हवे. पत्राचा पहिला परिच्छेद वाचून मी ते टेबलावर पालथे ठेवले, आणि क्षणार्धात विम्याची कागदपत्रे, मँचेस्टरला राहणारा मुलगा आणि गेली अनेक वर्षे 'पक्षकार' या शब्दापाशी अडून राहिलेला मृत्युपत्राचा मसुदा अशा साऱ्या गोष्टी डोळ्यांपुढून सरकून गेल्या. दुसऱ्या परिच्छेदात उलगडा झाला की, मुदत माझी नव्हे, तर घरच्या वीज-गॅसच्या करारनाम्याची संपत होती. या दोहोंपैकी अधिक सुटसुटीत मामला कोणता, याविषयी माझे मत अद्याप निश्चित झालेले नाही.

इकडचा कायदा या बाबतीत मोठा कनवाळू आहे. ठरावीक मुदतीचा करार केलेल्या ग्राहकास, ती मुदत संपण्यापूर्वी 49 ते 42 दिवसांच्या अवधीत कंपनीने लेखी कळविलेच पाहिजे, आणि त्या शेवटच्या 49 दिवसांत ग्राहक उठून दुसऱ्या कंपनीच्या दारी गेला तर त्याच्याकडून करारभंगाचा दंड वसूल करता येत नाही, असा नियम आहे. म्हणजे सात साते एकोणपन्नास दिवस अभयदान. त्याआधी निघालात तर दंड, आणि ते दिवस स्वस्थ बसून घालविलेत तर कंपनी आपण होऊन तुम्हांला 'स्टँडर्ड व्हेरिएबल' नामक दरात नेऊन बसविते. हा दर म्हणजे काहीही न करणाऱ्या माणसाचा दर. माझी एकंदर प्रकृती, पूर्वचरित्र आणि दुपारच्या झोपेविषयीची निष्ठा पाहता हा दर मला जन्मतःच बहाल व्हावयास हवा होता. परंतु तो बहुधा महागातला असतो, आणि आमच्या घरात जे महाग असेल त्याला कुटुंबाची संमती नसते.

"अहो, नुसते पत्राकडे बघत राहिल्याने वीज स्वस्त होणार आहे का?" सौभाग्यवतीने विचारले.

"विचार करतो आहे," मी म्हणालो.

"गेल्या खेपेसही तुम्ही विचारच करीत होता," ती म्हणाली, आणि मी निरुत्तर होऊन चष्मा पुसू लागलो.

वास्तविक विजेच्या बाबतीत निवड करण्याचा संस्कारच आमच्या पिढीवर झालेला नाही. माझे बालपण वाईला गेले. 1960 साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, आणि तेव्हापासून आमच्या दृष्टीने विजेच्या दोनच जाती उरल्या: एक आलेली वीज आणि दुसरी गेलेली वीज. मामलेदार कचेरीत अव्वल कारकून असलेले आमचे वडील आलेल्या विजेचे बिल मुदतीत भरून पावती तारेत ओवून ठेवीत, आणि गेलेल्या विजेविषयी मंडळाचा यथाशक्ती उद्धार करीत. यापलीकडे ग्राहकाचे काही कर्तव्य असते अशी त्यांना कल्पनाही नव्हती. पुढे 2005 साली त्या मंडळाच्या वाटण्या होऊन महावितरण अस्तित्वात आले, तरी वाईचा माझा चुलतभाऊ आजही त्याच सुखात नांदतो आहे. त्याच्या बिलावर स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, इंधन समायोजन आकार असतो. त्यांपैकी एकाचाही अर्थ त्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घेण्याचे त्याला प्रयोजनही नाही, कारण अर्थ कळला तरी जावयाचे कोठे?

इंग्लंडात मात्र जावयास जागाच जागा. येथील गॅसचे 1986 साली आणि विजेचे 1990 साली खाजगीकरण झाले, आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत घरोघरच्या रयतेस आपला पुरवठादार निवडण्याची सनद मिळाली. ज्या अर्थशास्त्रज्ञांनी ही व्यवस्था योजिली, त्यांच्या डोळ्यांपुढे एक आदर्श नागरिक असला पाहिजे: संध्याकाळी कामावरून येऊन, हातपाय धुऊन, दरपत्रकांची चळत पुढे ओढून बसणारा, दशांश चिन्हाच्या दर्शनाने ज्याचे अंतःकरण उचंबळून येते असा. मी एका बरो कौन्सिलच्या हिशेब खात्यात उभा जन्म घालविला आहे. थकबाकीच्या नोटिसा माझ्या सहीने निघत, आणि त्या वाचून भल्याभल्यांची झोप उडे. असा मनुष्य या नागरिकाच्या सर्वांत निकटचा असावयास हवा. परंतु दुसऱ्याच्या नावावरील बाकी काढणे आणि स्वतःच्या नावावरील बाकी टाळणे या दोन अगदी भिन्न विद्या आहेत, आणि दुसरीची परीक्षा मी कधी दिलेली नाही.

बरे, निवडावयाचे ते काय? तार तीच, खांब तोच, दोनशेतीस व्होल्टची वीज तीच. ज्या कंपन्या आपल्या दारी येऊन 'आमची वीज घ्या' म्हणतात, त्यांपैकी बहुतेकींचा त्या तारेशी काही संबंध नसतो. तारांचे जाळे प्रांतवार दुसऱ्याच कंपन्यांच्या मालकीचे असते. देशाचे असे चौदा प्रांत केलेले असून प्रत्येकाचा रोजचा 'स्टँडिंग चार्ज' निराळा, त्यामुळे एकाच कंपनीचा एकाच नावाचा दर घेऊनही मँचेस्टरचा मुलगा आणि हॅरोचा बाप यांच्या बिलांत मेळ नसतो. उरतो तो बिल पाठविण्याचा मान. एकच वीज बारा नावांनी विकावयाची म्हटल्यावर नावांकडे लक्ष पुरविणे ओघानेच आले, आणि ती नावे अशी की त्यांत वीज सोडून बाकी सर्व काही यावे. कोणी स्थैर्याचे आश्वासन देते, कोणी वसुंधरेच्या रक्षणाचे, कोणी स्वातंत्र्याचे. एका दरपत्रकाचे नाव वाचून सौभाग्यवतीस ते सहलीचे पत्रक वाटले आणि तिने जेवणाची सोय कशी आहे ते विचारले.

यातून रयतेचे रक्षण व्हावे म्हणून सरकारी नियामक ऑफजेम याने 1 जानेवारी 2019 पासून दरांवर कमाल मर्यादा घातली. पूर्वी ती सहा महिन्यांनी बदले. 2022 च्या ऑक्टोबरपासून तिमाही बदलते. वर्तमानपत्रे ही मर्यादा वार्षिक रकमेच्या रूपाने मोठ्या अक्षरांत छापतात, आणि आमच्या गल्लीतील निम्म्या लोकांची अशी प्रामाणिक समजूत आहे की, वर्षभर खिडक्या उघड्या टाकून घर तापविले तरी त्या रकमेवर एक पेनीही द्यावी लागत नाही. मर्यादा असते ती युनिटच्या भावाला आणि रोजच्या स्टँडिंग चार्जला; छापतात ती रक्कम एका 'साधारण' कुटुंबाची. 2023 साली ठरविलेल्या प्रमाणानुसार हे साधारण कुटुंब वर्षाला 2,700 युनिट वीज आणि 11,500 युनिट गॅस जाळते, कमी नाही की अधिक नाही.

या कुटुंबाची एकदा भेट घ्यावी अशी माझी फार दिवसांची मनीषा आहे. त्यांच्याकडे आंघोळ करता करता नाट्यगीते म्हणणारे कोणी नसावे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांच्याकडे चाळीस बायका येत नसाव्यात, आणि आल्याच तर कोट घालून बसत असाव्यात. राजमा ते आदल्या रात्री निश्चित भिजत घालतात. कोणत्याही तुलनेच्या कोष्टकात आमचे आकडे भरले की, शेजारीच या कुटुंबाचे आकडे उमटतात, आणि आमचा स्तंभ त्यांच्या स्तंभाहून हातभर उंच दिसू लागतो.

"त्यांना पाहुणे येत नसतील," सौभाग्यवती म्हणाली. तिच्या मते ते पलीकडच्याच रस्त्यावर राहत असून अत्यंत कृपण आहेत.

तुलना वीज-गॅस दोहोंची करावयाची म्हटल्यावर प्रथम आपण गॅस किती जाळतो हे माहीत पाहिजे, आणि येथे हिशेब खात्यातील मनुष्याचीही गात्रे शिथिल होतात. मीटर मोजतो तो घनमीटरांत, बिल येते ते युनिटांत. तेव्हा मीटरच्या आकड्यास 1.02264 ने गुणावयाचे. आलेल्या फलास गॅसच्या उष्मांकाने, म्हणजे सुमारे 39 ने, गुणावयाचे. आणि त्या गुणाकारास 3.6 ने भागावयाचे. मीटर जुन्या काळचा, शंभर-शंभर घनफुटांनी मोजणारा असेल तर याही आधी 2.83 ने गुणून त्याला घनमीटरांच्या राज्यात आणावयाचे. उष्मांक स्थिर नसतो, तो गॅसच्या गुणाप्रमाणे दररोज थोडा हलतो. पातेलेभर दूध तापविण्यामागे एवढे गणित असते हे ठाऊक असते, तर मी ते थंडच प्यालो असतो.

माझ्या या विवंचनेत आमचे परमस्नेही नाना यांचा प्रवेश होणे अपरिहार्य होते. कोणतीही वस्तू आपण घेतली की, "कितीला पडली?" असे विचारून, आकडा ऐकताच हळहळल्यासारखे डोळे मिटून घेणारी जी माणसे प्रत्येक समाजात असतात, त्यांपैकी नाना हे आमच्या भागातील आद्य. मी मुदतीचा विषय काढताच ते कणवेने म्हणाले, "अण्णा, तुम्ही अजून फिक्सवर आहात?" एखाद्यास त्याच्या घराण्यातील वेडाविषयी विचारावे, असा तो स्वर होता.

नाना 'अर्ध्या तासाच्या' दरावर आहेत. या योजनेत दिवसाचे अठ्ठेचाळीस तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा भाव निराळा ठेवतात, आणि उद्याचे भाव आज दुपार कलल्यावर जाहीर होतात. त्या सुमारास नाना कोणाशी बोलत नाहीत. दुपारी चार ते सात हा देशभर चुली पेटण्याचा समय, म्हणून भाव चढलेला; नानांच्या घरी हा राहुकाळ मानतात, आणि त्यात बटण दाबून होणारे कोणतेही शुभकार्य आरंभीत नाहीत. मी एकदा पाच वाजता त्यांच्याकडे गेलो, तो वहिनींनी साडेतीन वाजता करून थर्मासात भरलेला चहा माझ्यापुढे आला. दिवाणखान्यात एकच दिवा होता, आणि तोही नानांनी मी माझी खुर्ची शोधून काढल्यावर मालविला.

याउलट, उत्तर समुद्रावर वारा सुटावा, पवनचक्क्या भरवेगाने फिराव्यात आणि देश झोपलेला असावा, असा योग जुळून आला की, विजेचा भाव शून्याच्याही खाली उतरतो, आणि वीज वापरल्याबद्दल कंपनीच ग्राहकास पैसे देते. ही अतिशयोक्ती नव्हे, असे प्रसंग खरोखरच येतात. आणि जेव्हा येतात तेव्हा नाना जागे असतात. गेल्या होळीस वहिनींनी पुरण रात्री अडीच वाजता शिजविले. नानांनी धुण्याचे यंत्र लावले, भांड्यांचे यंत्र लावले, खोलीखोलीतून हीटर लावले, आणि तरीही कमाई मनासारखी होईना म्हणून माळ्यापासून बागेपर्यंत घरातले सगळे दिवे लावले. समोरच्या इंग्रज कुटुंबाने सकाळी येऊन दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या. त्या रात्रीची मिळकत दोन आकडी पेन्स झाली होती, आणि त्या बिलाची प्रत नाना पाकिटात बाळगतात. वहिनींना त्यानंतर आठवडाभर दुपारी झोप येत असे, पण त्या काळात भाव अनुकूल असल्यामुळे त्यांना इस्त्री करावी लागे.

"तुम्ही वाऱ्याकडे लक्ष ठेवीत जा," नाना मला निरोप देताना म्हणाले. दार लावण्यापूर्वी त्यांनी आकाशाकडे पाहिले.

आमच्या समोरच्या इमारतीत एक वृद्ध इंग्रज बाई राहतात. त्यांचे मत घ्यावे म्हणून मी गेलो, तर त्यांनी आजवर वीज-कंपनी कधी बदललेलीच नाही असे कळले. त्यांच्याकडे रात्रीच्या सात तासांच्या स्वस्त दराचा जुना मीटर होता. तो दिवसाच्या दरावरून रात्रीच्या दरावर केव्हा जावयाचे याचा हुकूम बीबीसीच्या रेडिओ फोरच्या दीर्घलहरींतून घेत असे. 1980 च्या दशकात बसविलेली ही यंत्रणा 2025 सालच्या जूनअखेरीस टप्प्याटप्प्याने मोडीत निघू लागली, तोवर या देशातील लाखो मीटर निमूटपणे आकाशवाणी ऐकत होते. ज्या लहरींवरून खलाशांना वादळांची वर्दी मिळे, त्याच लहरींतून, मानवी कानांस न कळेल अशा बेताने, बाईंच्या भिंतीतील हीटरांना तापण्याची आज्ञा होई.

"इतकी वर्षे या घरात रेडिओ फोर लक्षपूर्वक ऐकणारा तो एकटाच होता," बाई म्हणाल्या. नव्या मीटरविषयी त्यांचा ग्रह चांगला नाही. तो काही ऐकत नाही, नुसता कंपनीला कळवीत असतो, अशी त्यांची तक्रार आहे.

"पण कंपनी बदलून थोडे पैसे वाचतील," मी सुचविले.

"त्यांनी माझे काही वाईट केलेले नाही," बाई म्हणाल्या, आणि मला बिस्किट दिले. चहा गरम होता. वेळ साडेपाचची होती.

कंपनी न बदलताही ती बदलू शकते, हे मी त्यांना सांगितले नाही. 2021 च्या उत्तरार्धात गॅसचे घाऊक भाव कडाडले तेव्हा पंचवीसहून अधिक पुरवठादार बुडाले, आणि त्यांचे ग्राहक नियामकाने दुसऱ्या कंपन्यांच्या पदरात घातले. आमचाही पुरवठादार त्यांत होता. नाव मोठे उमेदीचे, भाव सर्वांत स्वस्त. त्या खेपेस मला खुद्द नानांनी शाबासकी दिली होती. शाबासकीस वर्ष होण्यापूर्वीच आमची रवानगी अपरिचित कंपनीकडे झाल्याचे पत्र आले. नाना त्या सुमारास बरेच दिवस फिरकले नाहीत.

असो. अखेर एका रविवारी मी दोन पानी तक्ता तयार केला, त्यात उभे-आडवे रकाने आखले, पाच टक्के व्हॅट कोणी भावात धरला आहे आणि कोणी नाही याची रुजवात घातली, आणि सर्व खर्चवेच वजा जाता सर्वांत उत्तम दर निवडल्याने आमची वर्षाकाठी अकरा पौंडांची बचत होते असा निष्कर्ष काढला. सौभाग्यवतीने तक्ता उलटसुलट पाहिला.

"एवढ्यासाठी महिनाभर जेवताना बोलत नव्हता?"

मी अर्ज भरला. कायद्याने कंपनी बदलण्यास आता पाच कामाचे दिवस पुरतात, आणि खरोखरच पुरले. फक्त आमचा मीटर पहिल्या पिढीतील शहाणा मीटर असल्यामुळे, मालक बदलताच त्याला वाचा राहिली नाही. या पिढीतील पुष्कळ मीटरांचे असेच झाले आहे. स्वयंपाकघरातील त्याचा छोटा पडदा किटली लावताच लाल होऊन आम्हांला लाजवीत असे, म्हणून सौभाग्यवतीने त्यावर पूर्वीच क्रोशाचा रुमाल घातला होता. आता तो रुमाल काढला तरी खाली काळोखच होता. तेव्हा जिन्याखालच्या कपाटात शिरून, पापडांचा डबा, दोन रिकाम्या बॅगा आणि कोणा पाहुण्याची विसरलेली छत्री यांना वळसा घालून, दातांत बॅटरी धरून मी मीटरचे आकडे वाचले, आणि बाहेर उभ्या असलेल्या सौभाग्यवतीस ते बॅटरीसकट सांगितले. गॅसच्या मीटरवरील तांबडे आकडे दशांशाचे, ते गाळावयाचे असतात. आम्ही ते गाळले; कंपनीच्या यंत्राने ते कोठून तरी परत मिळविले. चौथ्या दिवशी आम्हांस कळविण्यात आले की, आमच्या वापराचे मान लक्षात घेता दरमहाचे डायरेक्ट डेबिट आमच्या वार्षिक पेन्शनपेक्षा किंचित अधिक ठेवणे कंपनीस इष्ट वाटते.

मी दूरध्वनी केला. बराच वेळ सनई ऐकल्यावर एक गोड मुलगी बोलू लागली.

"तुमच्या घरात नुकताच काही बदल झाला आहे का?" तिने विचारले. "म्हणजे, गरम पाण्याचा पोहण्याचा तलाव वगैरे?"

"नाही," मी म्हणालो, "पण आम्ही राजमा करतो."

तिने ते कोठेतरी नोंदवून घेतले असावे, कारण दोन दिवसांत हिशेब दुरुस्त होऊन आला.

त्याच संध्याकाळी नानांचा फोन. वेळ सात वाजून दोन मिनिटांची, म्हणजे राहुकाळ नुकताच संपला होता. "काय हो अण्णा, केलात म्हणे नवा करार. युनिट कितीने पडते?"

माझा भाव 24.6 पेन्स होता. परंतु नानांचे मिटलेले डोळे मला टेलिफोनच्या तारेतून दिसू लागले, आणि मी सहज, आवाज जराही न चढविता, "एकवीस," असे म्हणालो.

पलीकडे एवढी शांतता पसरली की, त्यांच्या भांड्यांच्या यंत्रातील पाणी मला ऐकू आले.

"एकवीस? दिवसभर?"

"रात्रंदिवस. वारा असो, नसो."

दुसऱ्या दिवशी नानांनी त्या कंपनीकडे एकवीस पेन्सांची मागणी केली. असा दर नाही असे उत्तर मिळताच तो काही निवडक ग्राहकांसाठी गुप्तपणे राखून ठेवलेला आहे, याविषयी त्यांची खात्री पटली, आणि ही वार्ता त्यांनी आमच्या मराठी मंडळींत पसरविली. गेले पंधरा दिवस अपरिचित माणसे मला दुकानात गाठून, इकडेतिकडे पाहून, हळूच आपले बिल दाखवितात. मी ते चष्मा कपाळावर चढवून वाचतो आणि किंचित हळहळतो. काल आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस येऊन गेले. पुढच्या महिन्याच्या सभेत 'घरगुती ऊर्जा: खर्च आणि खबरदारी' या विषयावर माझे व्याख्यान ठेवावे अशी खुद्द नानांची सूचना असून, प्रास्ताविकही तेच करणार आहेत. सभेची वेळ त्यांनी साडेतीनची धरावयास लावली आहे, म्हणजे चार वाजण्यापूर्वी चहा उरकता येईल. मी होकार दिला आहे, आणि सौभाग्यवती सध्या माझ्या कोटाला इस्त्री केव्हा करावी हे वहिनींना विचारीत आहे.